आधी ओळख, मग टर्बो!

*धुळ्याच्या एका गॅरेजमध्ये झाली बेनाम इंजिनाची ओळखपरेड. आणि ‘अपग्रेड’ या शब्दाचे आमचे फंडे एकदम क्लिअर झाले.*

‘अपग्रेड’ हा आपल्या पिढीचा लाडका शब्द. फोन अपग्रेड, लॅपटॉप अपग्रेड, नोकरी अपग्रेड, झालंच तर बॉयफ्रेंडसुद्धा (हे मी नाही, माझी रूममेट म्हणते!). नवं मॉडेल आलं रे आलं की हात शिवशिवायला लागतात. पण हातात आहे ते नेमकं काय आहे, त्याची ताकद किती, ते कुठे किती झिजलंय, हे बघायची तसदी घेतो का आपण? नाही ना? सीव्हीला दोन ऑनलाइन कोर्स चिकटवले की झालं अपग्रेड!

हा प्रश्न मला कोरेगाव पार्कातल्या कुठल्या करिअर कोचने नाही घातला. तो घातला धुळ्यातल्या एका ट्रक मिस्त्रीने. तेही हात कोपरापर्यंत ऑइलमध्ये बुडालेले असताना.

त्याचं असं झालं. आखाजीला मी आणि आई मामाकडे पारोळ्याला गेलो होतो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. पण खान्देशात तिचा थाट दिवाळीएवढा. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झोके बांधले जातात, घराघरात आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या. माझी आई पन्नाशी ओलांडलेली, पण आखाजीला अजूनही झोक्यावर पहिला नंबर तिचाच! असं सगळं साग्रसंगीत चालू असताना मामा मात्र गप्प. पोळीकडे लक्ष नाही, रसाकडे लक्ष नाही. मामीने डोळ्यांनीच अंगणाकडे खूण केली. अंगणात मामाचा ट्रक उभा होता. बॉनेटच्या जागी मोठा खड्डा. इंजिनच नाही!

मामाचा ट्रक म्हणजे टाटा १६१३, सहा टायरी. मागच्या शतकातलं मॉडेल. (१६ म्हणजे एकूण वजन १६ टन आणि १३ म्हणजे साधारण १३० हॉर्सपॉवर. टाटाच्या जुन्या ट्रकच्या नावात हे गणित असायचं.) कधी रावेर-सावद्याची केळी, कधी जिनिंगमधल्या कापसाच्या गाठी, कधी जळगावचे पीव्हीसी पाइप. याच ट्रकवर मामाच्या दोन मुलांची शिक्षणं झाली. कन्नडच्या घाटात भर उन्हात तो तापला आणि इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला. विषय संपला.

नवा ट्रक का नाही घेत, असं मी विचारलं. पुण्यात राहून असेच प्रश्न सुचतात! मामा म्हणाला, “बेटा, या गाडीले हप्ता नाही.” एका वाक्यात फायनान्सचं अख्खं लेक्चर.

मग मामाने काय केलं, तर धुळ्याच्या एका भंगारवाल्याकडे जुनं इंजिन बघितलं आणि २५ हजार टोकन देऊन मोकळा झाला. भंगारवाल्याने त्याला सांगितलं होतं, “नाना, कमिन्स आहे. वरून टर्बो बसवा, घाटात गाडी उडेल!”

माझ्यातली पत्रकार जागी झाली. इंजिनावर कंपनीची प्लेट आहे? “पडली असेल.” नंबर? “रंगाखाली असेल.” कागद? “असतील, मिळून जातील.” तीन प्रश्न, तीन ‘असेल’. मास कॉमच्या पहिल्याच वर्षात पाच ‘डब्ल्यू’ घोकून घेतात आमच्याकडून. कोण, काय, कुठे, कधी, का. इथे तर पहिल्या ‘डब्ल्यू’लाच बोंब!

डॉक्टरांचं गाव

दुसऱ्या दिवशी आम्ही धुळ्यात. जुनी इंजिनं ओळखणारी माणसं धुळ्यात का सापडतात, याला साधं कारण आहे. नकाशा बघा. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता इथे एकमेकांना छेदतात. सोलापूरकडे जाणारा रस्ताही इथूनच फुटतो. चारी दिशांना घाट. मुंबईच्या बाजूला लळिंग, मध्य प्रदेशच्या सीमेवर बिजासन, सुरतेकडे कोंडाईबारी, संभाजीनगरकडे कन्नड. म्हणजे पंजाबचा, तामिळनाडूचा, गुजरातचा, कुठलाही ट्रक दमला की तो बऱ्याचदा इथेच दमणार. पेशंट देशभरातून येतात म्हटल्यावर डॉक्टर तयार होणारच ना!

आमच्या मिस्त्रींचं गॅरेज अवधानच्या बाजूला, हायवेला लागून. वय साठीच्या आसपास. ते इंजिन छोट्या टेम्पोतून तिथे आणून ठेवलेलं. वर ताज्या चंदेरी रंगाचा थर, एकदम ब्रायडल मेकअप! मिस्त्रींनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि जाहीर केलं, “हाई कमिन्स नई शे, नाना.”

मामाचा चेहरा पडला. “मंग काय शे?”

“सहा सत्त्याण्णव.”

एवढ्या लवकर कसं कळलं? तर म्हणे, कमिन्सच्या सिक्स बीटीवर प्रत्येक सिलिंडरला वेगळं टप्पेट कव्हर असतं, ओळीने सहा छोटे डबे. आणि इथे वर एकच लांब कव्हर. मी अविश्वासाने बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. हातात व्हर्निअर देत म्हणाले, “इस्वास नई ना? मोजी ले!”

नावात काय आहे? सगळंच!

आता हा ‘सहा सत्त्याण्णव’ काय प्रकार, ते ऐका. मला तर हे जाम आवडलं. टाटाच्या जुन्या इंजिनाचं नाव म्हणजेच त्याचं माप. ६९७ मधला ६ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ म्हणजे बोअर ९७ मिलिमीटर. बोअर म्हणजे ज्या गोल विहिरीत पिस्टन वरखाली होतो तिची रुंदी. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, ९२चा बोअर. ४९७ म्हणजे चार सिलिंडर, ९७चा बोअर. इतकं सोपं!

पण अशोक लेलँडची भाषा वेगळी. त्यांची जुनी इंजिनं ३७०, ४००, ६८० या नावांनी मिस्त्री लोकांच्या तोंडात आहेत. ४०० म्हणजे चार सिलिंडर असं समजलात तर फसलात. इथे आकडा आहे घन इंचांचा. म्हणजे सगळ्या सिलिंडरमध्ये मिळून मावणारी जागा. ४०० घन इंच म्हणजे साधारण साडेसहा लिटर, ६८० म्हणजे साधारण ११ लिटर.

एक मिलिमीटरवाला, एक इंचवाला. असं का? कारण दोघांचे गुरू वेगळे. मद्रासची अशोक मोटर्स १९४८ साली सुरू झाली आणि १९५५ मध्ये इंग्लंडच्या लेलँडशी नातं जोडून अशोक लेलँड झाली. इंग्रज इंचात मोजणार. टेल्कोने (म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, नाव २००३ मध्ये बदललं) १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी १५ वर्षांचा करार केला. जर्मन माणूस मिलिमीटरमध्ये बोलणार. १९६९ मध्ये करार संपला, तोवर आपल्या हायवेवरच्या त्या ट्रकवर ‘टाटा मर्सिडीज-बेंझ’ असं नाव आणि तीन टोकांचा तारा असायचा. हो हो, तोच तारा, जो बाणेरमधले लोक सात वर्षांच्या ईएमआयवर घेतात!

मोजा, म्हणजे कळेल

हेड उतरवलं. सहा पिस्टन उघडे पडले. मी व्हर्निअर घेऊन वाकले आणि पहिल्याच मापाला अडखळले. बोअर आला ९७.३. म्हणजे ६९७ नाही की काय?

मिस्त्री हसले. म्हणाले, “पिस्टन खाली कर आणि खालून मोज.” क्रँक फिरवून पिस्टन खाली नेला, तळाशी मोजलं. ९७ बरोब्बर. कारण सिलिंडर सगळ्यात जास्त झिजतो तो वरच्या टोकाला, जिथे स्फोट होतो आणि पहिली रिंग घासते. तळाला रिंग पोचतच नाही, तिथे मूळ माप शाबूत राहतं. म्हणजे तळाच्या मापावरून इंजिन कोणतं ते कळतं आणि वरच्या मापावरून ते किती चाललंय ते. एकाच विहिरीत जन्मतारीख आणि वय दोन्ही!

त्यात आणखी एक गंमत आहे. आधी कुणी बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन टाकले असतील, तर तळाचं मापही वाढलेलं असतं. मग काय करायचं? मग स्ट्रोक मोजायचा, म्हणजे पिस्टन वरून खाली किती जातो ते. स्ट्रोक क्रँकवर ठरतो आणि इंजिन कितीही झिजलं तरी तो बदलत नाही. पिस्टन सगळ्यात वर असताना एक सळई लावून खूण केली, मग सगळ्यात खाली नेऊन दुसरी खूण. मधलं अंतर १२८ मिलिमीटर.

आता शाळेतलं गणित काढा बाहेर. बोअरच्या निम्म्याचा वर्ग, गुणिले पाय, गुणिले स्ट्रोक, गुणिले सहा. मोबाइलवर उत्तर आलं ५६७५ सीसी. सिक्स बीटीचा बोअर असतो १०२, स्ट्रोक १२० आणि उत्तर येतं ५८८३ सीसी. म्हणजे कमिन्सचा दावा तिथेच खलास. पुण्यात ‘कमिन्स’ म्हटलं की आपल्याला कर्वेनगरचं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज आठवतं, पण ट्रकच्या दुनियेत कमिन्स म्हणजे जास्तीच्या ताकदीचं सर्टिफिकेट. टाटा आणि कमिन्सने १९९३ मध्ये भागीदारीत कंपनी काढली, जमशेदपूरला कारखाना टाकला आणि मग टाटाच्याच ट्रकवर दोन्ही घराण्यांची इंजिनं येऊ लागली. भंगारवाल्याने त्याचाच फायदा घेतला.

आणि ऐका! ९७ गुणिले १२८ हे माप मी सहज शोधलं, तर तंतोतंत याच मापाचं मर्सिडीजचं ट्रक इंजिन निघालं, ओएम ३५२. १९६४ सालचं. मामाला म्हटलं, “मामा, तुमच्या इंजिनात मर्सिडीजचं रक्त आहे!” मामा पहिल्यांदा हसला. म्हणाला, “मंग भाडं वाढाई देतीन का?”

नंबर कुणाचा?

पण इंजिन कोणतं हे कळलं म्हणजे ते कुणाचं हेही कळलं, असं नाही. ही ओळख वेगळी. आणि खरं टेन्शन इथेच होतं.

इंजिनावर दोन प्रकारचे आकडे असतात. एक, उठावदार. ते साच्यातच असतात, ब्लॉक ओतताना आपोआप उमटतात. त्यावरून पार्टचं डिझाइन कळतं. एका साच्यातून हजारो ब्लॉक निघतात, म्हणून हे म्हणजे फक्त आडनाव. दुसरे, खोलगट. ते कारखान्यात एकेका इंजिनावर पंच करतात. तो खरा इंजिन नंबर, म्हणजे आधार कार्ड. तोच आरसी बुकात असतो. चोरीच्या गाडीचा हाच नंबर घासून काढतात आणि वर रंग मारतात. म्हणून तर त्या ताज्या चंदेरी रंगाने माझ्या पोटात गोळा आला होता.

मिस्त्रींच्या पोऱ्याने रॉकेल आणि तारेच्या ब्रशने रंग खरवडायला घेतला. अर्धा तास. मामा बिडी पेटवतोय, विझवतोय. मी मनातल्या मनात हेडलाइन लिहितेय. शेवटी आकडे दिसले. सगळे सलग, एकसारख्या खोलीचे, आजूबाजूला घासल्याची खूण नाही. हुश्श! (आणि घासला असता तरी गुन्हा पचतोच असं नाही. पंच मारताना आकड्याखालचं धातूही दबलेलं असतं. फॉरेन्सिकवाले तिथे ॲसिडचं द्रावण लावून पुसलेला नंबर पुन्हा वर आणू शकतात. सीआयडी बघणाऱ्यांसाठी बोनस माहिती!)

तो नंबर घेऊन नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर टाकला. चोरीला गेलेल्या किंवा पोलिसांनी जप्त केलेल्या गाड्यांची नोंद तिथे इंजिन नंबर, चासी नंबरवरूनही तपासता येते, सामान्य माणसालाही. जुनी गाडी घेताना आपल्यापैकी किती जण हे करतात? हात वर करा! आमच्या नंबरची चोरीच्या यादीत नोंद नव्हती.

तरी मिस्त्रींनी मामाला उरलेले पैसे देऊ दिले नाहीत. ज्या ट्रकमधून हे इंजिन निघालं, तो मोडीत काढला असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे त्याची नोंदणी रद्द झालेली असायला हवी. तो कागद आण, बिलावर इंजिन नंबर लिही, मग पैसे घे. भंगारवाला आधी चिडला, मग “उद्या देतो” म्हणाला, मग दोन चकरा मारायला लावल्या. तिसऱ्या चकरेला कागद आला. ‘असेल’चं ‘आहे’ झालं.

आता तरी टर्बो?

मामाच्या डोक्यातला टर्बो मात्र अजून गेला नव्हता. “कमिन्स नई तर नई, पन टर्बो तर बसईन ना?”

टर्बो म्हणजे काय, तर सायलेन्सरकडे वाया चाललेल्या गरम धुरावर एक छोटा पंखा फिरतो आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. मिनिटाला ऐंशी हजार ते लाखभर फेऱ्या! हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. आयडिया सही आहे. टाटाने स्वतःच ६९७ला टर्बो लावून, पुढे इंटरकूलरही देऊन ट्रक विकले. मग अडचण काय?

अडचण ही की कंपनीने नुसता टर्बो नाही लावला, इंजिन बदललं. मिस्त्रींनी खालचं ऑइल चेंबर उतरवलं आणि मला आत बघायला लावलं. “पिस्टनच्या खाली ऑइलची पिचकारी दिसते?” नव्हती. टर्बो इंजिनात पिस्टनच्या डोक्यावर इतकी उष्णता येते की खालून सतत ऑइलचा फवारा मारून ते थंड ठेवावं लागतं. पिस्टनही वेगळा असतो, कॉम्प्रेशन जरा कमी ठेवणारा. हे इंजिन बिनटर्बोचं म्हणूनच जन्मलेलं. त्याच्यावर नुसता टर्बो ठोकला आणि फ्युएल पंपाचं डिझेल वाढवलं, तर दोनचार महिने गाडी खरंच उडेल. मग हेड गॅस्केट जाईल, किंवा पिस्टनला भोक पडेल. पिस्टन, पंप, नोझल, रेडिएटर बदलून सगळं नीट केलं, तरी वाढलेली ताकद जाणार कुठे? क्लचवर, गिअरबॉक्सवर, मागच्या क्राउनवर. तेही सगळे म्हातारेच!

शिवाय कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नव्या नंबरची नोंद. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याच घराण्याचं, त्याच जातीचं इंजिन असेल तर अर्ज करणं सोपं. म्हणजे ‘हे कमिन्स नाही’ ही बातमी वाईट वाटली होती, ती खरं तर चांगली निघाली. ६९७च्या जागी ६९७. तीच माउंटिंग, तोच गिअरबॉक्स, कागदावरही तेच.

पण मामाला गप्प केलं ते कायद्याने नाही. मिस्त्रींच्या एका प्रश्नाने.

“चढावर इंजिन कामाचं, नाना. उतारावर कोण कामाचं?”

गॅरेजमध्ये क्षणभर कुणी बोललं नाही. धुळे जिल्ह्यात या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ४ जुलै २०२३ला इथून वर, शिरपूर तालुक्यात पळासनेरला, मुंबई-आग्रा महामार्गावर ब्रेक निकामी झालेला एक कंटेनर गाड्यांना धडकत रस्त्याकाठच्या हॉटेलात घुसला. किमान १० माणसं गेली. हॉटेलात थांबलेली, रस्त्याकडेला उभी असलेली. भरलेला ट्रक उतारावर खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिननेही अडवायचा असतो, पण शेवटचा भरवसा ब्रेकवरच. टर्बोने चढावरची दहा मिनिटं वाचतील. उतारावर तो काय करणार?

मामाने बिडी विझवली. म्हणाला, “टर्बोचे पैसे ब्रेकले लाव.”

मिस्त्रींचं अपग्रेड

मग पंधरा दिवस काम चाललं. फोनवर मामीकडून रोज बुलेटिन! सहाही सिलिंडर बोअर करून पुन्हा मापात आणले. क्रँक ग्राइंड करून नवी बेअरिंग टाकली. पंप आणि नोझल पंपवाल्याकडे बेंचवर लावून कंपनीच्या मापावर सेट केले. रेडिएटर उघडून साफ केला, कारण मूळ दुखणं तेच होतं, गाडी तापण्याचं. आणि चारही बाजूंचे ब्रेक, ड्रमपासून हवेच्या पाइपापर्यंत, नवे. जास्तीची ताकद शून्य. १६१३ पुन्हा १६१३ झाला, एवढंच. पण विचार करा ना, झिजून झिजून शंभरावर आलेल्या घोड्यांचे पुन्हा एकशे तीस झाले, तर ते अपग्रेड नाही का?

निघताना मी मिस्त्रींना विचारलं, नव्या गाड्या येतात का तुमच्याकडे? एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स आलं. इंजिनावर कॉम्प्युटर, सेन्सर, धूर साफ करायला युरियाचं द्रावण. बिघाड शोधायचा तर कानाने नाही, स्कॅनरने. मला वाटलं होतं, ते नव्या जमान्याला शिव्या घालतील. त्यांनी टेबलाच्या ड्रॉवरमधून एक टॅब काढला. मुलाने घेतलाय म्हणाले. तो स्कॅनर चालवतो आणि ते त्याला व्हर्निअर शिकवतात.

“स्कॅनर सांगतो कुठे दुखतंय,” ते म्हणाले. “किती झिजलंय ते मोजावंच लागतं.”

पुण्याला परतताना बसमध्ये मी माझा सीव्ही उघडला. त्यात ‘स्किल्स’खाली अकरा ओळी होत्या. त्यातल्या सहा मी आधी मोजून बघणार आहे. मामाची आरसी नव्या इंजिन नंबरसकट हातात आली, फिटनेस झालं आणि पावसाळ्याआधी ट्रक रस्त्यावर आला. पहिलं भाडं सावद्याची केळी. मामाने फोटो पाठवला. ट्रकच्या मागे पेंटरने नव्याने लिहून घेतलंय, ‘हॉर्न ओके प्लीज’. आणि खाली बारीक अक्षरात, ‘मर्सिडीजवाले’.

जुनं इंजिन घेताय? एवढं बघाच!

◆ ताजा रंग दिसला की खूश होऊ नका. आधी खरवडा, मग बोला.

◆ पंच केलेला इंजिन नंबर शोधा. आकडे एका ओळीत, एका खोलीचे आहेत का बघा. आजूबाजूला घासलेलं असेल तर सरळ परत फिरा.

◆ बोअर वर आणि तळाशी, दोन्हीकडे मोजा. स्ट्रोक मोजाच. दोन्ही मापांवरून सीसी काढा आणि विक्रेता सांगतो त्या इंजिनाशी जुळवा.

◆ फ्युएल पंपाच्या प्लेटवर विसंबू नका. पंप दुसऱ्या इंजिनाचाही असू शकतो.

◆ ब्लॉकला आणि हेडला तडा नाही ना, हे पैसे देण्याआधी तपासून घ्या. क्रँक याआधी किती वेळा ग्राइंड झालाय तेही विचारू नका, मोजा.

◆ नंबर ‘वाहन समन्वय’वर टाकून बघा. बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या. मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागा.

◆ इंजिन बसवण्याआधी आरटीओत अर्ज करा. नंतर आरसीवर नोंद झाली का ते स्वतः वाचा.

◆ टर्बोचा मोह झालाच, तर आधी ब्रेक, क्लच आणि रेडिएटरचा खर्च लिहून काढा. त्यानंतरही मोह उरला तर आपल्या मिस्त्रींना विचारा.